भूगोलाच्या मुलांना नदीवर न्यायचंय : काय मोजू, काय बघू?

वेण्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. डिसेंबरमध्ये एस.वाय.च्या मुलांना वेण्णा नदीवर क्षेत्रअभ्यासाला न्यायचं आहे. हाताशी एकच दिवस आहे. जागा तीन डोक्यात आहेत: वर महाबळेश्वरला लिंगमळ्याच्या धबधब्याआधीचा प्रवाह, मग मेढ्याजवळचं पात्र आणि शेवटी कण्हेर धरणाच्या खाली, संगम माहुलीच्या थोडं अलीकडे.

विभागात साहित्य बेताचंच. लांब टेप, बांबू, सुतळी, दोन थर्मामीटर. प्रवाहमापक नाही आणि मिळायची आशाही नाही. घड्याळ मोबाईलमध्ये आहेच.

आमच्या विभागात यावर दोन मतं आहेत. सहकाऱ्यांचं म्हणणं, मुलांनी नदी डोळे भरून बघावी, फोटो काढावेत, गावकऱ्यांशी बोलावं; मोजमाप हे अभियंत्यांचं काम. मला मात्र मनापासून वाटतं की प्रत्येकाने एकदा तरी गुडघाभर पाण्यात उभं राहून एक आकडा स्वतः काढावा. 'विसर्ग' हा शब्द परीक्षेत लिहिणारी मुलं समोरच्या नदीतून सेकंदाला किती पाणी जातंय याचा अंदाजही बांधू शकत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

दुसरा प्रश्न. मध्ये धरण आहे. 'वरून खाली येताना रुंदी वाढते, खोली वाढते, विसर्ग वाढतो, दगड लहान आणि गोल होत जातात' हे पुस्तकातलं चित्र इथे जुळणार नाही. मग ही नदी निवडावी की नाही? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं.

रानवाट
वाचतेय. माझी लेक यंदा दहावीला आहे, तिच्या भूगोलात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा. प्रत्यक्षात शाळेने कुठे नेलं नाही. तुमच्या मुलांचं नशीब चांगलं.

पाटकरी
मॅडम, नोकरीची सगळी वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, म्हणून हक्काने सांगतो. प्रवाहमापक नसला तरी काही अडत नाही. तरंगत्या वस्तूची पद्धत जगभर वापरतात.

पात्राचा सरळ तुकडा निवडा. वळण नको, मध्ये मोठा धोंडा नको, डोह नको. काठावर दहा मीटर अंतरावर दोन खुणा करा. वरच्या खुणेच्या जरा अलीकडे वस्तू पाण्यात सोडायची, म्हणजे रेषा ओलांडेपर्यंत तिने प्रवाहाचा वेग पकडलेला असतो. खालच्या खुणेपर्यंतचा वेळ घ्यायचा. एकदा डाव्या काठाजवळून, एकदा मधून, एकदा उजवीकडून, आणि प्रत्येक ठिकाणी तीन-चार वेळा.

आता पात्राचा आडवा छेद. सुतळी आडवी ताणून बांधा, तिच्यावर दर मीटरला गाठ. प्रत्येक गाठीखाली बांबूने खोली घ्या. दोन गाठींमधल्या पट्टीचं क्षेत्रफळ म्हणजे दोन खोल्यांची सरासरी गुणिले एक मीटर. सगळ्या पट्ट्यांची बेरीज केली की छेदाचं क्षेत्रफळ.

उदाहरण देतो. पात्र १२ मीटर रुंद, सरासरी खोली ०.४ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ४.८ चौरस मीटर. वस्तूला दहा मीटर जायला २५ सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. पण तळाशी आणि काठाशी घर्षण असतं, त्यामुळे सबंध पाण्याचा सरासरी वेग त्यापेक्षा कमी. साधारण ०.८५ ने गुणतात. आला ०.३४. गुणिले ४.८ म्हणजे सेकंदाला सुमारे १.६ घनमीटर. एका घनमीटरात ३५.३ घनफूट, म्हणजे साधारण ५८ क्युसेक (सेकंदाला घनफूट). बातम्यांत पावसाळ्यात ऐकू येणारा 'क्युसेक' मुलांच्या वहीत उतरला.

उथळ आणि दगडाळ पात्रात हा गुणक ०.८५ पेक्षा कमी धरावा लागतो. लिंगमळ्याच्या वरच्या प्रवाहात तर नक्कीच.

वेण्णाकाठ
@पाटकरी, याहून सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. खूप आभार. तरंगती वस्तू काय घ्यावी?

पाटकरी
संत्रं.

गोदाकाठची
नागपुरी की नगरी? :)

पाटकरी
हसू नका ताई, त्यामागे कारण आहे. संत्र्याच्या सालीत हवा असते म्हणून ते बुडत नाही, पण जवळपास सगळं पाण्याखाली राहतं. त्यामुळे वारा त्याला ढकलू शकत नाही. थर्माकोलचा तुकडा किंवा वाळकं पान वाऱ्यावर जातं आणि नदीऐवजी वाऱ्याचा वेग मोजला जातो. रंग लांबून दिसतो. हातातून निसटलं तरी नदीत कचरा होत नाही. सोललेलं संत्रं मात्र बुडतं, तेही मुलांना करून दाखवा.

टीवायबीए_पास
थोडं वेगळं मत मांडतो. भूगोल घेऊन बी.ए. केलं. आमचीही नदीवर सहल गेली होती. टेप एकाच्या हातात, बाकी चाळीस जण पुलावर. परत आल्यावर एकाच्या जर्नलमधले आकडे सगळ्यांनी उतरवले. सगळ्यांच्या नदीची खोली सारखीच, अगदी दशांशापर्यंत. सर सही करून मोकळे. त्या आकड्यांनी मला नदी शिकवली नाही.

शिकवलं ते एका म्हाताऱ्या आजोबांनी. घाटाच्या पायरीवर बसून ते सांगत होते की त्यांच्या लहानपणी याच पायरीखाली वाळू असायची, ती उकरून झरा काढायचा आणि तेच पाणी प्यायचे. आज तिथे उघडा कातळ आहे. वाळू कुठे गेली, कोणी नेली, त्याने विहिरींवर काय परिणाम झाला, हे प्रश्न माझ्या डोक्यात तिथे सुरू झाले. म्हणून मी तुमच्या सहकाऱ्यांच्या बाजूने. बघू द्या, ऐकू द्या.

बेसाल्ट
@टीवायबीए_पास, तुमच्या अनुभवात दोष मोजण्याचा नाही, चाळीस जणांत एक टेप असण्याचा आहे. सहा-सहाचे गट पाडा, प्रत्येक गटाला स्वतःचा छेद द्या, पन्नास-पन्नास मीटर अंतरावर. मग आकडे सारखे येऊच शकत नाहीत, कारण पात्र सारखं नाही. पण एकाच नदीचं पाणी असल्याने विसर्ग मात्र प्रत्येक गटाचा जवळपास सारखा यायला हवा. अरुंद जागी वेग जास्त, रुंद जागी कमी. एका गटाचा विसर्ग दुसऱ्याच्या दुप्पट आला तर का आला, यावर तिथेच, ओल्या पायांनी वाद घालायचा. माझ्या मते सबंध दिवसातला सगळ्यात मोलाचा अर्धा तास तोच. नक्कल करून तो मिळत नाही.

आजोबांचं मात्र शंभर टक्के पटलं. ते हवेतच.

टीवायबीए_पास
विसर्ग सारखा यायला हवा, हा मुद्दा आवडला. आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पंचगंगातिरी
आमच्या कोल्हापुरात पावसाळ्यात पोरासोरांनाही नदीचा आकडा पाठ असतो बघा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. सकाळी चहाबरोबर पहिला प्रश्न 'पाणी किती फुटांवर?' सांगलीकरांचं तसंच, आयर्विन पुलाला ४० आणि ४५. भूगोल न शिकलेला माणूस ते मोजमाप वाचतो आणि त्यावरून म्हशी हलवायच्या का ते ठरवतो. म्हणून मॅडम, मोजमाप अभियंत्यांचं काम हे काही मला पटलं नाही.

गोदाकाठची
नाशकात गोदावरीच्या पात्रात आमचा दुतोंड्या मारुती आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून रामकुंडाच्या आसपासचे दुकानदार सामान आवरतात. पट्टीवर फूट नसले तरी मोजणंच ते.

पाटकरी
दोघांचंही बरोबर. त्यात एक गोष्ट मुलांना स्पष्ट करा. फुटांत सांगतात ती पातळी, क्युसेकमध्ये सांगतात तो विसर्ग. पातळी पट्टी बघून कोणीही वाचेल, विसर्ग मात्र मोजावा लागतो. एकाच जागी वेगवेगळ्या पातळ्यांना विसर्ग मोजून दोन्हींचा आलेख काढला की पुढे नुसती पातळी वाचून विसर्ग सांगता येतो. पण पुरात पात्र खरवडलं किंवा गाळ साठला की तो आलेख बदलतो, म्हणून मोजणं कधी संपत नाही. शिवाय पट्टीचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. '३९ फूट म्हणजे नदी ३९ फूट खोल' असं पुष्कळांना वाटतं.

सातासमुद्रापार
इंग्लंडमध्ये राहते. इथे सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेसाठी भूगोलात दोन वेगवेगळ्या परिसरांत क्षेत्रअभ्यास करावाच लागतो. माझ्या मुलाची शाळा श्रॉपशायरमधल्या कार्डिंग मिल व्हॅलीत गेली होती. छोटासा ओढा, आपल्याकडे त्याला नदी म्हणायला लोक तयार होणार नाहीत. पण वर्षानुवर्षं शाळा तिथे येतात. रुंदी, खोली, वेग, दगडांचा आकार, उतार, सगळं मुलं करतात. वेगासाठी एक छोटा पंखा असतो, तो आट्यांच्या दांडीवर फिरत सरकत जातो आणि त्याला लागलेल्या वेळावरून वेग काढतात. तरी संत्री इथेही नेतात!

मला आवडलं ते वेगळंच. जाण्याआधी मुलांना एक विधान लिहावं लागतं, 'खाली जाताना वेग वाढेल, कारण...' आणि आल्यावर ते खरं ठरलं की नाही, का नाही, मोजण्यात कुठे खोट राहिली असेल, हे लिहावं लागतं. यातल्या शेवटच्या भागाला चांगले गुण असतात. आपल्याकडे जर्नलमध्ये ही जागाच नसते.

बेसाल्ट
+१. आणि यावरूनच मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. धरण आहे म्हणून वेण्णा टाळू नका, उलट म्हणूनच घ्या.

डोंगरातला खळाळता प्रवाह सगळ्यात वेगवान, असं मुलांना हमखास वाटतं. लिओपोल्ड आणि मॅडॉक या अभ्यासकांनी १९५३ मध्ये अमेरिकेतल्या नद्यांच्या नोंदींवरून दाखवलं की सरासरी वेग खाली जाताना बहुधा किंचित वाढतो. उतार कमी होतो हे खरं, पण खोली वाढते आणि तळ गुळगुळीत होतो, म्हणून घर्षणाचा वाटा घटतो. डोंगरात पाणी धोंड्यांवर आपटण्यातच शक्ती घालवतं. आवाज जास्त, पुढे सरकणं कमी. लिंगमळ्याच्या वर आणि मेढ्याला संत्रं सोडा, काय येतं ते बघा.

आता कण्हेरच्या खाली. तिथला विसर्ग डिसेंबरात आभाळावर नाही, धरणातून काय सोडलंय त्यावर ठरतो. पाणी आणि गाळ या दोन गोष्टींपैकी गाळ धरणाने अडवून ठेवलेला. खाली सुटलेलं पाणी स्वच्छ, आणि स्वच्छ पाणी भुकेलं असतं. ते तळातली बारीक वाळू-खडी घेऊन जातं, मोठे धोंडे मागे उरतात. त्यामुळे 'खाली दगड लहान' हा नियम तिथे उलटाही दिसू शकतो. वर वाळू उपसाही धरा. मुलांनी आधी पुस्तकातलं विधान लिहावं, मग आकडे घ्यावेत, आणि जिथे जुळत नाही तिथे धरणाचं नाव त्यांनी स्वतः घ्यावं. आज महाराष्ट्रात धरण नसलेली मोठी नदी सापडवणं अवघड आहे. मुलांनी अभ्यासायची ती आपली खरी नदी.

रानवाट
दगड मोजतात कसे पण? कुठलाही उचलायचा?

बेसाल्ट
चांगला प्रश्न. 'छान दिसतो तो' उचलला की सगळे मोठे आणि रंगीत दगड हातात येतात. वोलमन यांची १९५४ सालची पद्धत सोपी आहे. पात्रात आडवं चालायचं, एक पाऊल टाकायचं, नजर दुसरीकडे ठेवून बुटाच्या टोकाशी बोट खाली न्यायचं आणि पहिला लागेल तो दगड घ्यायचा. दगडाला तीन बाजू धरल्या तर सर्वांत लांबही नाही, सर्वांत आखूडही नाही, मधली मोजायची. असे शंभर दगड. चढत्या क्रमाने लावले की मधला आकार मिळतो. सहा जणांच्या गटाला शंभर दगड काही फार नाहीत.

वेण्णेवर एक खास मजा आहे. महाबळेश्वरचा माथा जांभ्याचा, त्याखाली काळ्या पाषाणाचे थर. वरच्या जागी जांभ्याचे तांबडे सच्छिद्र तुकडे किती, मेढ्याला किती, माहुलीला किती, हे शंभरातून मोजा. काळ्यातही घट्ट दगड टिकतो आणि पांढऱ्या खड्यांनी भरलेला पोकळ्यांचा दगड लवकर झिजतो, त्यातले पांढरे खडे सुटून खडीत मिसळतात. दगड कुठून आला ते दगडच सांगतो.

खाडीपल्याड
आमच्या कोकणात हे करायचं तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक घ्यावं लागेल. वाशिष्ठीत खाली संत्रं सोडलंत तर भरतीच्या वेळी ते चिपळूणच्या दिशेने परत येईल. :) आणि धरणाचंच म्हणाल तर कोयनेचं पाणी वीज तयार झाल्यावर वाशिष्ठीत येतं. मूळ पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाणारं पाणी, ते अरबी समुद्राला मिळतं. आमच्या नदीचा विसर्ग मोजलात तर त्यात सह्याद्रीपलीकडचा पाऊसही मोजला जातो.

गोदाकाठची
अवांतर, पण हे वाचून अंगावर काटा आला. चिपळूणमध्ये २०२१ च्या जुलैत पाणी शिरलं तेव्हा माझी आत्या तिथे होती. वरून पूर, समोरून भरती, असं सगळे म्हणत होते.

खाडीपल्याड
हो ताई. आम्ही पहिल्या मजल्यावर होतो. त्यावर वेगळा धागा काढू कधीतरी, इथे मुलांचं चालू दे.

पाणकिडा
माझ्याकडून एक भर. चहाची मोठी गाळणी आणि पांढरी ट्रे न्या. दगड उचलून त्याची खालची बाजू बघा. स्वच्छ, प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यात दगडाला चिकटलेली, शेपटीला तीन तंतू असलेली किड्यांची चपटी पिल्लं दिसतात. चतुराच्या अळ्या दिसतात. आणि जिथे सांडपाणी मिसळतं तिथल्या चिखलात लालभडक बारीक अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू कमी असला तरी तगतात. लिंगमळ्याला काय सापडलं आणि माहुलीला काय, ही यादी कुठल्याही रसायनाच्या बाटलीशिवाय पाण्याची तब्येत सांगते. बघून झालं की जिथून घेतलं तिथेच परत सोडायचे, दगडही आधी होता तसाच ठेवायचा.

पाटकरी
आता सगळ्यात महत्त्वाचं. मॅडम, कण्हेरच्या खाली मुलांना पाण्यात उतरवण्याआधी धरणाच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारा. त्या दिवशी नदीत किंवा कालव्यात पाणी सोडायचं आहे का, किती वाजता, किती. रब्बीची आवर्तनं त्याच दिवसांत चालू असतात. ८ जून २०१४ ला हिमाचलात बियास नदीत लारजी धरणातून पाणी सुटलं आणि हैदराबादहून सहलीला आलेले २४ अभियांत्रिकीचे विद्यार्थी वाहून गेले. पात्रात उभी असलेली मुलं होती ती. पाणी शांत दिसतं तोवर दिसतं.

माझे नियम असे. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उतरायचं नाही, तो छेद पुलावरून घ्यायचा. एक माणूस वरच्या बाजूला, फक्त पाण्यावर नजर ठेवून. त्याला दुसरं काम द्यायचं नाही. चप्पल नको, बांधलेले बूट. शेवाळ्याच्या कातळावर पाय टेकवून मग वजन टाकायचं. आणि लिंगमळ्याला धबधब्याच्या तोंडापासून चांगलंच लांब राहून काम करा. कड्याच्या जवळची जागा मोजमापासाठी घ्यायचीच नाही.

सातासमुद्रापार
हे प्रत्येक शब्दाला सहमत. इथे धोक्यांची लेखी नोंद केल्याशिवाय शाळा दारातून बाहेर पडत नाही.

पंचगंगातिरी
अजून एक करा. काठावरच्या उंबराला, वाळुंजाला, करंजाला फांद्यांत अडकलेलं गवत, प्लॅस्टिक, चिंध्या बघा. ती गेल्या पावसाळ्याची पूररेषाच. तिथपासून आत्ताच्या पाण्यापर्यंतची उंची टेपने मोजा. मग मुलांना म्हणा, जिथे तू उभा आहेस तिथे जुलैत तुझ्या डोक्यावर किती पाणी होतं ते सांग. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा, हे नकाशावर सांगून डोक्यात जात नाही. झाडाखाली उभं केलं की जातं.

टीवायबीए_पास
आणि तिथेच त्या गावच्या जाणत्या माणसाला बोलवा. झाडावरची खूण आणि त्यांची आठवण जुळते का बघा. मोजणारे आणि ऐकणारे दोघांचंही समाधान!

रानवाट
एका दिवसात तीन जागा होतील का पण? महाबळेश्वरचा घाट, जेवणं, मुलांची आवराआवर...

बेसाल्ट
होणार नाहीत. नीट दोन जागा करा. माझा आग्रह मेढा आणि माहुलीचा, एक धरणाच्या वर, एक खाली. लिंगमळ्याला सकाळी थांबून फक्त निरीक्षण. तिथे पाण्यात उतरवण्याचा धोका पत्करायची गरज नाही. दगड काठावरचे मोजता येतील.

वेण्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस धागा परत परत वाचला आणि विभागात सहकाऱ्यांनाही दाखवला. त्यांनी 'ऐकणारा गट' स्वतःकडे घेतला आहे, मेढ्यातल्या आणि माहुलीतल्या वयस्क लोकांशी तेच बोलून ठेवणार.

ठरलं ते असं. आदल्या आठवड्यात वर्गात टोपोशीटवर (उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर) वेण्णेचं पाणलोट क्षेत्र आखून घ्यायचं आणि प्रत्येक गटाने चार विधानं लिहायची: विसर्ग, वेग, दगडांचा आकार, जांभ्याचं प्रमाण. कारणासकट. ती कागदं मी सीलबंद ठेवणार. महाबळेश्वरला पावसाचे साडेपाच-सहा हजार मिलिमीटर आणि साताऱ्यात हजाराच्या आसपास, हा फरकही नकाशावर तेव्हाच मांडायचा. सकाळी लिंगमळा, फक्त काठावरून. मग मेढ्याला पूर्ण मोजमाप. माहुलीला धरण कार्यालयाचं उत्तर आलं तरच उतरायचं, नाहीतर पुलावरून छेद आणि काठावरचे दगड. परतल्यावर दुसऱ्या दिवशी विधानं उघडायची, आणि अहवालातलं सर्वांत मोठं प्रकरण 'काय जुळलं नाही' हे असेल. त्याला गुणही जास्त.

एक शंका उरली. @पाटकरी, गटागटांच्या विसर्गात किती फरक आला तर चालेल असं समजायचं?

पाटकरी
संत्र्याच्या पद्धतीत दहा-वीस टक्के इकडेतिकडे होणारच, त्यावर नाराज होऊ देऊ नका. त्याहून जास्त आला तर आधी खोल्या तपासा, मग घड्याळ, मग गुणक. तरीही राहिला तर मधे कुणाची उपसा मोटर चालू आहे का, एखादा ओढा येऊन मिळतोय का, ते काठाने चालत जाऊन बघायला सांगा. पुष्कळदा तिथेच उत्तर सापडतं.

पाणकिडा
आणि मॅडम, जुलैमध्ये त्याच मेढ्याच्या पुलावरून नुसती पातळी वाचायला चार मुलं पाठवा. पाण्यात उतरायचं नाही. पुलाच्या खांबावर डिसेंबरची पातळी आधीच रंगाने खूण करून ठेवली तर काम सोपं होईल. फक्त त्यासाठी बांधकाम खात्याची परवानगी आत्ताच मागून ठेवा.